विझणारा कंदील

बंगळूर,
जुलै १९९७, शुक्रवार दुपार

प्रिय अरविंद,

दिवाळीनंतर तुला किती पत्रं टाकली ते मीही विसरले. तुझं एकाचंही उत्तर नाही. आई शेजारच्या प्रेमाकडून लिहवून घेते, त्यात तुझ्याविषयी एकच वाक्य असतं : अरविंद बरा आहे, शेतात असतो. बरा म्हणजे काय ते मला कळतं, कारण इथे कोणी विचारलं की मीही बरी आहे असंच सांगते. लहानपणी तुला गप्प बसवायला मला चिंचेची लाच द्यावी लागायची. आता तुझ्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून काय द्यायचं ते मला सुचत नाही.

पण हे पत्र खुशालीचं नाही. अप्पांच्या तेराव्याला पत्रावळी मांडता मांडता तू मला हळूच विचारलं होतंस, अक्का, कंदील असता तर विझला असता का? मी म्हणाले, आधी पंगत उठू दे. पंगत उठली, पाहुणे गेले, मी बंगळूरची बस धरली आणि तुला उत्तर दिलंच नाही. तू होसकोट्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून गावीच राहिलास आणि कुणाशी धड बोलेनासा झालास. तो प्रश्न तू अजून सोडलेला नाहीस, हे मला कळायला कुणी सांगावं लागत नाही. आज उत्तर देते. जरा आडवळणाने देईन, चालवून घे. जन्मभर मुलांना शिकवल्यावर सरळ बोलायची सवय जाते.

आधी इकडचं सांगते. मारतहळ्ळीची तुझी खोली मागच्या रविवारी मी रिकामी केली. तुझ्या घरमालकीण धनलक्ष्मी अक्कांनी बिचाऱ्यांनी इतके दिवस कुलूप तसंच ठेवलं होतं, पण आता त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली हवी आहे. ‘बेजार माडकोबेडी, बेजार माडकोबेडी’ म्हणत त्या माझ्या मागे मागे फिरत होत्या. वाईट वाटून घेऊ नका म्हणे. स्टोव्ह, पातेली, गादी सगळं आमच्याकडे आणलं. कारखान्याचा निळा शर्ट खुंटीवर तसाच होता, खिशात बसचं तिकीट. तो घडी करताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घडी मात्र छान झाली.

मला हल्ली काही वाटतच नाही. तुझ्यापासून काय लपवायचं? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो, मग चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाचा पाय असावा असं वाटतं, तसं सगळं अंग झालंय. स्वयंपाक होतो, वर्ग होतात, पेपर तपासून होतात. तुझे सुशांतभावोजी म्हणतात, मुंग्या येतील तेव्हा दुखेल, तोवर दम धर. सुशांतला असल्या गोष्टी बऱ्या सुचतात. मी दम धरूनच आहे.

परवा वर्गात श्वसनाचा धडा होता. त्यात मी दरवर्षी एक प्रयोग दाखवते. दोन बरण्या घ्यायच्या. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत उकडून गार केलेली. आदल्या दिवशी झाकणं घट्ट बसवायची, फटीला मेण लावायचं. दुसऱ्या दिवशी झाकण सरकवून जळती काडी आत सोडायची. उकडलेल्या मटकीच्या बरणीत काडी खुशाल जळत राहते. मोडाच्या बरणीत गळ्याशीच विझते, कुणी फुंकर मारावी तशी. मुलं दरवर्षी टाळ्या वाजवतात. यंदाही वाजवल्या. एका मुलीने विचारलं, मिस, मोड न आलेलं कोरडं धान्यही श्वास घेतं का? मी म्हणाले, घेतं, अगदी सावकाश घेतं, पण जिवंत आहे तोवर घेतंच. आणि पोतीच्या पोती एकत्र असली की सावकाश घेतलेलंही खूप होतं. माझा आवाज बदलला नाही. फळा पुसला, हात धुतले, स्टाफरूममध्ये जाऊन कॉफी प्यायले. तिच्यात साखर नव्हती हे कप रिकामा झाल्यावर लक्षात आलं.

इथे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात परवा कुणीतरी म्हणालं, बंगळुरात कॉम्प्युटर क्लासचं नुसतं पेव फुटलंय. सगळे हसले. मी इकडे तिकडे पाहिलं, त्यांच्यातल्या एकाने तरी खरंखुरं पेव पाहिलं असेल का? आपल्या परसातलं ते माणूसभर खोल, पोटाला फुगीर आणि तोंडाला चिंचोळं भुयार, आणि त्याच्या कडेला उकिडवे बसलेले अप्पा मला दिसायला लागले. भिंतींना कडबा लावायचे, कडुनिंबाचा पाला पसरायचे, मग दाणा ओतायचे. तोंडावर फरशी, फरशीवर चिखल आणि शेण. लिंपून झालं की हात झटकत म्हणायचे, निजली ज्वारी, आता वर नाचू नका. आपण मुद्दाम नाचायचो. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला तो आंबूस वास यायचा, आईला मुळीच खपायचा नाही, आणि अप्पा दुसरी भाकरी मागून घेत तिला चिडवायचे की लोणचं मुरलेलं चालतं तुला, ज्वारी मुरलेली चालत नाही.

पेव उघडायच्या दिवशी मात्र ते चेष्टा करत नसत. फरशी काढून दिवसभर, रात्रभर तोंड उघडं ठेवायचं. आपल्याला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटवलेला कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा, तो तळाशी जळत राहिला की मगच शिडी. आपल्याला वाटायचं, कंदील उजेडासाठी. मला आता वाटतं, होता होता अप्पांनाही तसंच वाटायला लागलं असावं. आजोबांनी त्यांना असं करायचं एवढंच सांगितलं असणार, का करायचं ते सांगितलं नसणार. आपल्या घरात ‘का’ विचारला की पाठीत धपाटा मिळायचा, तुला मिळालेत तितके कुणालाच मिळाले नाहीत.

म्हणून तू पहिल्या पगाराची ती तीन सेलांची चकचकीत बॅटरी घेऊन आलास तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता! आई म्हणाली, बरं झालं, काच पुसायची कटकट गेली. अप्पा अंगणात उभे राहून थेट बसवण्णाच्या देवळावर उजेड पाडून बघत होते. आपण सगळे हसत होतो. मीही होते त्यात.

गेल्या श्रावणातल्या त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. पेवाचं तोंड रात्रभर उघडं ठेवलं असतं तर पाणी शिरून ज्वारी नासली असती. अप्पांनी फरशी काढली, थोडा वेळ थांबले आणि बॅटरी आत मारली. तळ लख्ख दिसला. विठोजीकाका शेजारीच होते. त्यांनी विचारलं, कंदील आणू का? अप्पा म्हणाले, “कशाला? माझ्या लेकाची बॅटरी हाय ही, वाऱ्यापावसातबी इझत न्हाई.” हे तुला काकांनी कधी सांगितलं नसेल. मला सांगितलं. बॅटरी गळ्यात अडकवून अप्पा शिडीवरून उतरले. काकांनी माणसं गोळा करून, ओली घोंगडी हलवून आत हवा घालून त्यांना वर काढलं तेव्हाही ती चालूच होती.

तर उत्तर. हो, अरविंद. कंदील विझला असता. अर्ध्या दोरीवरच विझला असता.

नाकाने आपण घेतो तो श्वास म्हणजे नुसती हमाली, असं मी मुलांना सांगते. माल पोचवायचा, एवढंच. खरं काम अंगातल्या प्रत्येक पेशीत चालतं. तिथे तंतुकणिका नावाच्या इवल्याशा भट्ट्या असतात. खाल्लेल्या अन्नातली साखर त्यांत एकदम भडकत नाही, थोडी थोडी करून जळते, आणि सुटलेली ऊर्जा चिमूटचिमूट बांधून ठेवली जाते. तिच्यावरच डोळ्याची पापणी हलते आणि काळीज चालतं. या सगळ्याच्या शेवटच्या पायरीवर प्राणवायू लागतो. तो नसला की पिठाच्या गिरणीत होतं तसं होतं, खालचा डबा तुंबला की वरून दाणा उतरत नाही, सगळी गिरणीच थांबते. ज्वारीचा दाणा हेच करतो. वातही तेच करते, फक्त धसमुसळेपणाने. अप्पाही तेच करत होते. बंद पेवात महिनोन्महिने ज्वारीने प्राणवायू वापरून संपवला होता आणि तिने सोडलेला जड वायू तळाशी साठून होता. वातीला माणसापेक्षा जास्त प्राणवायू लागतो, म्हणून ती माणसाच्या आधी विझते. तुझी बॅटरी हवेचं काहीच मागत नाही. तिला लागतं ते सगळं तिच्या सेलांतच असतं, हे मी तुला काय सांगायचं, तूच मला शिकवशील.

अप्पांना त्रास झाला का, हेही तुझ्या मनात असेल. अशा हवेत दोनचार श्वासांत शुद्ध जाते असं पुस्तकं सांगतात. यापलीकडे मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी तुला लिहिणार नाही.

बॅटरी तू आणलीस, हे खरं आहे. ती नसती तर ते कंदील घेऊन गेले असते, हेही खरं आहे. मी वर्षभर शोधतेय, पण याच्यातून पळवाट नाही. पण तू आपल्या बापाला उजेड आणून दिलास, आणि त्या घरातल्या कुणीही, चाळीस वर्षं पेव उघडणाऱ्या अप्पांनीसुद्धा, कंदील कशासाठी असतो ते तुला सांगितलं नव्हतं. कुणी न सांगितलेल्या गोष्टीसाठी माणूस गुन्हेगार होत नाही. माझा भाऊ तर नाहीच नाही. तुझ्या जागी कुणी परका असता तर तूच त्याला हे समजावलं असतंस.

आणि आता हे पत्र आजच का, ते सांगते. आज सकाळी दार उघडलं तर विठोजीकाका उभे. या वयात, जन्मात बंगळूर न पाहिलेला माणूस, रात्रभर बसमध्ये बसून पत्ता विचारत विचारत आला. म्हणाले, फोनवर सांगायसारखं नाही. या वर्षी पेव तूच भरलंस. ते रविवारी उघडणार आहेस. तू त्यांना येऊ नका म्हणालास, फरशी काढली की लगेच एकटाच उतरणार म्हणालास. आपला कंदील तू भंगारवाल्याला देऊन टाकलास आणि अप्पांच्या बॅटरीत नवे सेल घातलेस. काका सांगत होते आणि माझ्या हातापायांना एकदम मुंग्या आल्या. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. तू खाली काय बघायला निघालास ते मी विचारणार नाही. मला तू हवा आहेस, एवढंच. आईलाही. मी तशीच उठून चिकपेटच्या बाजारात गेले आणि एक कंदील घेऊन आले. काका जेवून बाहेरच्या खोलीत पडलेत, कंदील त्यांच्या उशाशी आहे. हे पत्र पोस्टात पडणार नाही. संध्याकाळच्या बसने मीही काकांबरोबर निघते आहे. तोंडाने मला हे सांगता येणार नाही, तेराव्याला आलं नाही तसंच. म्हणून उद्या सकाळी हे काका तुझ्या हातात देतील, आणि तू वाचत असशील तेव्हा मी आत चुलीपाशी आईजवळ बसलेली असेन. वाचून झालं की आत ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. रविवारी फरशी आपण दोघं मिळून काढू, दिवसरात्र तोंड उघडं ठेवू, पाऊस आला तर येऊ दे, ज्वारी नासली तर नासू दे. मग कंदील मी सोडेन. विझला तर वर ओढू, पुन्हा पेटवू आणि कडेला बसून राहू. पुन्हा विझला तर पुन्हा. कॉलेजात दिलेल्या रजेच्या अर्जावर मी परतायची तारीख लिहिलेली नाही.

तुझीच,
अक्का