‘वडिलोपार्जित’ या शब्दाचा घोळ

८ एप्रिल, मंगळवार

ब्रायनाने लिफ्टपाशीच गाठलं. ही ऑफिसातली पोरगी आमचं ‘टेनंट एंगेजमेंट’ बघते, म्हणजे भाडेकरूंशी गोड बोलायचं काम. म्हाताऱ्यांची ही बिल्डिंग एक संस्था चालवते आणि मी भाडेकरूंचा प्रतिनिधी. निवडून वगैरे आलो नाही, प्रतिनिधी नेमायच्या मीटिंगला झोप न लागलेला मी एकटाच होतो.

मागे नवी विंग झाली आहे, मे महिन्यात उद्घाटन. त्याआधी एक निवेदन बोर्डावर लावायचं, सगळ्यांच्या भाषांत. गुजराती पटेलांकडे, मराठी माझ्या गळ्यात. मजकूर दोन ओळींचा. ही जागा लेनापे लोकांची ‘अ‍ॅन्सेस्ट्रल लँड’ आहे असं संस्था ‘अ‍ॅक्नॉलेज’ करते. लेनापे म्हणजे इथले मूळचे लोक, गोरे यायच्या आधीचे.

इकडे येण्याआधी नागपूरला टेलिफोन खात्यात तरुणपण गेलं, सरकारी मराठी म्हणजे हातचा मळ. लिहिलं: “सदर जमीन ही लेनापे लोकांची वडिलोपार्जित जमीन असल्याचे आम्ही कबूल करीत आहोत.” स्वतःवरच खूश झालो. ‘वडिलोपार्जित’ बऱ्याच वर्षांनी हाताला लागला. जेवायच्या आधी बोर्डावर लावूनसुद्धा आलो.

१० एप्रिल, गुरुवार

सु.ताई कालही चहाला आल्या नाहीत, आजही नाही. सुमनताई समोरच्या दारातल्या. चार वाजले की स्वतःचा कप घेऊन येतात, कारण माझे कप त्यांना धुतलेले वाटत नाहीत. माझी बायको गेल्यापासून हे असंच चालू आहे.

दुसऱ्या मजल्यावरचे देशपांडे लिफ्टमध्ये कुजबुजले, संस्था केस हरली का हो? कसली केस? नाही, कबूल केलंय म्हणून विचारलं. त्यांच्या बायकोचं वेगळंच. जागा इंडियन लोकांचीच आहे ना, मग आपल्याला कशाला काढतील? तो इंडियन वेगळा, हा वेगळा, हे सांगेपर्यंत लिफ्ट खाली आली.

घरी येईपर्यंत हसत होतो. मग आठवलं, वडिलोपार्जित हा शब्द आपण कुठे ऐकतो? कोर्टात. भाऊबंदकीत. आणखी कुठेच नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

सु.ताईंच्या घरी गेलो. फडताळं रिकामी. स्टीलचे डबे खोक्यात भरलेले, मधे मधे जुने टॉवेल. विचारलं, हे काय? म्हणाल्या, “आधी कागद लागतो. मग माणसं येतात.”

त्या लहान होत्या तेव्हा त्यांचं गाव धरणात गेलं. हे मला माहीत होतं, पण कधीतरी चहात सांगितलेलं, कानाआड गेलेलं. त्यांच्याही गावात आधी चावडीवर कागदच लागला होता. वाचता येणारे दोघेतिघे, ते म्हणाले काही होत नाही, सरकारी भाषा आहे. त्यावर विश्वास ठेवून लोकांनी पेरण्या केल्या.

मी म्हटलं, ताई, काही होत नाही, ही ऑफिसची भाषा आहे. बोलून गेल्यावर कळलं मी काय बोललो ते.

त्यांचा मुलगा राजन दूर दक्षिणेत, शुगर लँडला असतो. त्याला फोन केलाय, तो बावीस मेचं तिकीट काढतो म्हणतो. खूश आहे, आई इतकी वर्षं ऐकत नव्हती. सु.ताईंना तिथे करमत नाही. उकाडा, आणि गाडीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. तरी निघाल्या. म्हणतात, या वेळी कुणी हाकलायच्या आधी आपल्या पायांनी जाते.

माझ्या दोन ओळींमुळे. 

१३ एप्रिल, रविवार

मीनलकडे गेलो, वेस्ट विंडसरला. लेकीला सगळं सांगितलं. ती फोनमध्ये बघत म्हणाली, “बाबा, ती फॉर्मॅलिटी असते. आमच्या ऑफिसात पण प्रत्येक इव्हेंटला वाचतात. कोणी कुठे जात नाही.” मग वाचतात कशाला? रिस्पेक्ट म्हणून. नात म्हणाली, “आबा, वी डू इट इन स्कूल टू.” मी विचारलं, मग पुढे काय करता? तिने खांदे उडवले. देन वी हॅव असेम्ब्ली.

म्हणजे दुसऱ्याच्या घरात बसून म्हणायचं की घर तुझं आहे हो, आणि मग पंगत सुरू. मला खरंच समजत नाही. आमच्याकडे असं कबूल केलं तर सातबारा बदलावा लागतो. बहुतेक मीच मागासलेला.

१७ एप्रिल, गुरुवार

ब्रायनाला सरळ विचारलं. जमीन त्यांची म्हणता, मग भाडं त्यांना जातं का? लाल झाली बिचारी. “ग्रेट क्वेश्चन” म्हणाली आणि लिहून घेतलं. ग्रेट क्वेश्चन म्हणजे उत्तर नाही, हे आता मला पाठ झालंय.

वाईट पोरगी नाही. सु.ताईंचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, सव्वीसला मीटिंग आहे, लेनापेंपैकी डोरिस नावाच्या बाई येणार आहेत, मावशींना घेऊन या. आणि प्लीज, तिथे ‘इंडियन’ म्हणू नका. मी म्हटलं, मग मी स्वतःला काय म्हणू? हेही लिहून घेतलं.

२२ एप्रिल, मंगळवार

जुना कागद काढून नवा लावला. “पूर्वी या भागात लेनापे लोक राहत असत.” साधं, निरुपद्रवी, कोर्टाचा वास नाही.

सु.ताई चष्मा लावून बोर्डासमोर बराच वेळ उभ्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, परवापर्यंत त्यांची होती, आज ‘राहत असत’? मग गेले कुठे ते?

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. या देशात चाळीस वर्षं काढली, दोन पोरांची शिक्षणं केली, आपल्या लोकांच्या बाजारातलं, ओक ट्री रोडवरचं प्रत्येक दुकान उघडताना नि बंद होताना पाहिलं. हे कधी डोक्यात आलं नाही.

चहाला आल्या मात्र. कप खोक्यात गेलाय म्हणून माझा कप दोनदा विसळून घेतला.

२६ एप्रिल, शनिवार

मीटिंग. सगळं क्रमाने लिहितो.

डोरिस माझ्याच वयाच्या. जाड भिंगाचा चष्मा, निळं जॅकेट, पायात चालायचे बूट. राज्याच्या दक्षिणेकडून स्वतः गाडी चालवत आल्या. मी काय डोक्यावर पिसं वगैरे कल्पना केली होती कोण जाणे, माझीच लाज वाटली. संस्थेचे साहेब नवी विंग दाखवून म्हणाले, हिला तुमच्या भाषेतलं नाव द्यावं म्हणतो, भिंतीवर चित्र काढावं म्हणतो, तुमची सूचना हवी. डोरिसबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, या बिल्डिंगीत आमचं कोणी राहतं का? साहेबांनी ब्रायनाकडे पाहिलं, ब्रायनाने कागदाकडे. कोणी नाही. मग नाव आम्ही कोणासाठी द्यायचं, असं त्या अगदी हळू म्हणाल्या. 

तेवढ्यात सु.ताईंनी हात वर केला. मराठीतच बोलल्या. “यांना विचारा, आम्ही कधी निघायचं?”

माझी पंचाईत. मनात आलं, थोडं वळवून सांगावं. ‘मावशींना तुमच्याविषयी आदर आहे’ वगैरे. पण एकदा शब्दाने घात केला होता. आहे तसं सांगितलं. साहेब मधे पडायला लागले, नो नो नो, कोणाला कुठेही जायचं नाहीये. डोरिसबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि चष्मा काढला. म्हणाल्या, “अशा मीटिंगना मी आयुष्यभर जातेय. निघू का म्हणून आजवर कोणी विचारलं नव्हतं.”

मग सु.ताईंना विचारलं, तुमचं गाव कुठे आहे. सु.ताई म्हणाल्या, पाण्याखाली. मी भाषांतर केलं. पुढे त्या दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि मला काही काम उरलं नाही. निघताना कळलं ते एवढंच, की डोरिसबाईंच्या लोकांना ढकलत ढकलत पार ओक्लाहोमापर्यंत नेलं. थोडे लपून इथेच राहिले, त्यातलं त्यांचं घर.

सु.ताईंच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं.

३ मे, शनिवार

चहा. सु.ताई आपण होऊन बोलल्या. धरणानंतर त्यांना खाली कोकणात जागा दिली. तिथलं कोणी ओळखीचं नाही, हे उपरे. वडील चूल मांडायला निघाले तर तिथल्या एका म्हाताऱ्याने अडवलं. आधी जागेवाल्याला विचारा. जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार, दिसत नाही पण जागा त्याची. वडिलांनी नारळ ठेवला, हात जोडून म्हणाले, बाबा रे, आमचं गेलं म्हणून तुझ्याकडे आलो, राहू का? कौल लवकर मिळाला नाही. तोवर सगळं घर झाडाखाली राहिलं. पावसाळा तोंडावर होता.

मी म्हटलं, म्हणजे हेच ते अ‍ॅक्नॉलेज.

सु.ताई म्हणाल्या, “तुम्ही कबुली लिहिलीत. कबुली चोर देतो, भाऊ. जागेवाल्याला मान द्यायचा असतो. आणि विचारायचं असतं.”

एवढं सरकारी मराठी येऊन ‘मान’ हा शब्द मला सुचला नाही. घरात रोज वापरतो तो.

८ मे, गुरुवार

ब्रायनाला सांगितलं, उद्घाटनाला सु.ताई डोरिसबाईंना नारळ देऊन ‘राहू का’ विचारतील. तिने उड्याच मारल्या. ब्युटिफुल, कल्चरल एक्स्चेंज, प्रोग्रॅममध्ये घालू. दुपारी तोंड पाडून परत आली. नारळ चालेल, पण ‘राहू का’ हा प्रश्न वकिलाला चालत नाही. डोरिसबाई नाही म्हणाल्या तर? तेव्हा प्रश्न वगळून नुसता नारळ द्यावा.

सु.ताईंना हे सांगायचं काम पुन्हा माझंच. त्या म्हणाल्या, बरं. इतक्या पटकन बरं म्हणाल्या की मला काळजी वाटायला लागली.

१० मे, शनिवार

उद्घाटन झालं. साहेबांनी निवेदन वाचलं, छान गंभीर आवाजात, बोर्डावर होतं तेच. टाळ्या. मग सु.ताई हिरवं नऊवारी लुगडं नेसून उठल्या, ओक ट्री रोडवरून आणलेला नारळ शेंडीसकट डोरिसबाईंच्या ओंजळीत ठेवला. फोडायचा नाही म्हणाल्या, पुरा द्यायचा. पुन्हा टाळ्या. साहेब माइककडे निघाले. आणि सु.ताई इंग्लिशमध्ये बोलल्या. देवाशपथ, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून थँक्यूच्या पुढे इंग्लिश मी ऐकलं नव्हतं.

“मे वी स्टे?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाही प्रोग्रॅमच. डोरिसबाईंनी वाजवल्या नाहीत. नारळाकडे बघत उभ्या राहिल्या. साहेबांचा चेहरा असा, की फोन आला असता तर बरं झालं असतं. मग डोरिसबाई म्हणाल्या, “याचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. घरी जाऊन विचारावं लागेल.”

नारळ गाडीत पुढच्या सीटवर ठेवला आणि वरून पट्टा बांधला. हे मी पाहिलं.

११ मे, रविवार

मीनल फोनवर: “बाबा, पण म्हणजे नक्की काय झालं? यस की नो?” मी म्हटलं, मला विचारू नकोस बाप्पा. ब्रायना विचारते, साहेब विचारतात, देशपांडे लिफ्टमध्ये विचारतात. मला वाटतं काहीतरी मोठं झालं. मग वाटतं, एका म्हातारीने दुसरीला नारळ दिला, बस. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं.

सु.ताई तेवढ्या शांत. म्हणतात, कौल असा लगेच मिळाला तर तो कौल कसला. पण खोकी उघडलेली नाहीत आणि तिकीटही कॅन्सल केलेलं नाही. राजनला म्हणाल्या, बघू.

आणि मला काय वाटतं? ते कोणी विचारत नाही म्हणून इथे लिहितो. चार वाजता समोरचं दार उघडलं नाही, तर मी त्या चहाचं काय करू.

२१ मे, बुधवार

उद्या बावीस.

दुपारी ब्रायना धावत वर आली, फोन हातातच. डोरिसबाई लाइनवर. स्पीकर लावून आम्ही तिघं सु.ताईंच्या खोक्यांवर बसलो. त्यांनी घरी विचारलं, मोठ्या माणसांना विचारलं, ओक्लाहोमाच्या नातेवाइकांनाही फोन केला. भांडणं झाली म्हणे. कोणी हसले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, उत्तर द्यायच्या आधी त्यांना आपला एक प्रश्न विचारा. तोच विचारायला फोन केला होता. राहून तुम्ही काय करणार?

मी सु.ताईंना सांगितलं. या वेळी शब्दाला शब्द लावून.

 त्या ब्रायनाला म्हणाल्या, आधी तुम्ही सांगा, नव्या विंगमध्ये त्यांचं कोणी येणार आहे का. ब्रायनाने लिहून घेतलं नाही. डोरिसबाईंना कळवतो म्हणून फोन ठेवला, जाऊन विचारते म्हणाली, आणि खरंच गेली, जिन्यानेच.

मी विचारलं, ताई, उद्याचं विमान? तर म्हणाल्या, “त्यांनी विचारलंय. उत्तर दिल्याशिवाय उठून कशी जाऊ?” आणि लगेच, “पण उत्तर काय द्यायचं हे मला कुठे ठाऊक आहे.” राजनला फोन अजून केलेला नाही.

मी निघताना दारात म्हणाल्या, बिल्डिंगीतल्या सगळ्यांनाच विचारू, पण सुरुवात तुम्ही करा, तुम्हीच प्रतिनिधी. आणि वडिलोपार्जित वगैरे काही लिहू नका.

कागद घेऊन बसलोय. “आम्ही इथे राहून” एवढं लिहिलं. पुढचं सुचत नाही. इतकी वर्षं इथे राहून मी काय केलं तेच आधी आठवून पाहतोय. एक गोष्ट नक्की माहीत आहे, की सुमनताईंनी जाऊ नये. पण ते डोरिसबाईंच्या प्रश्नाचं उत्तर नाही. आम्ही इथे राहून