दुसऱ्या भट्टीची माहिती

दि. १४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम. म्हणजे माझा गुडघा आणि तुझी वहिनी, दोघंही नियमाने बोलतात. "भाऊजींना उत्तर टाका, तीन आठवडे झाले," हे ती रोज चहाबरोबर ऐकवते. मी म्हणतो, संशोधन चालू आहे.

तू लिहिलंस, "दादा, कंपन्यांची माहिती खणून काढणं हाच तुझा धंदा. मग एवढं शोध, आमची दुसरी भट्टी बंद आहे हे कारखाना विकत घ्यायला आलेल्या त्या खरेदीदाराला सांगितलं कुणी?"

शोधलं, अगदी शास्त्रोक्त. तुमच्या काचकारखान्याचे पाच वार्षिक अहवाल वाचले. अध्यक्षांचं 'उज्ज्वल भवितव्य' दरवर्षी तेच, फक्त फोटोतले केस कमी होतात. निबंधकाकडची कागदपत्रं, बाटली-उत्पादक संघाची आकडेवारी, व्यापारी मासिकं, सगळं पाहिलं. भट्टीबद्दल कुठेही अक्षर नाही.

खरं म्हणजे हे सगळं मी तुझं पत्र येण्याच्या चार महिने आधीच वाचलं होतं.

तो खरेदीदार आमच्या कार्यालयाचं गिऱ्हाईक. तुमच्या कारखान्यावर अहवाल लिहायचं काम माझ्याच टेबलावर आलं. सख्खा भाऊ तिथे आहे, मला हे काम नको, असं सांगायला हवं होतं. वाटलं, मीच लिहिला तर चांगला लिहीन. कारखाना विकला जाईल, तुझी नोकरी पक्की होईल.

आमच्याकडे प्रत्येक विधानाखाली ते कुठून घेतलं, हे नोंदवावं लागतं. चौतीस पानं चोख झाली. मग साहेब म्हणाले, "पंडित, छापील माहिती कुणीही देईल. आतलं काही आहे का?" पंडित म्हटलं की मी फुगतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

खणात तुझं जुनं पत्र होतं. 'दुसरी भट्टी सहा महिने थंड आहे, आतल्या विटा ढासळल्यात, मालक म्हणतात बाहेर बोलू नका.' ते मी पस्तिसाव्या पानावर घातलं. खाली लिहिलं, 'कारखान्यातील जाणकार व्यक्ती.'

खरेदीदाराने ते पान वाचून पाठ फिरवली. आणि आता महिनाअखेर तुमच्या फाटकाला कुलूप.

एवढंच असतं तर कळवायला तीन आठवडे लागले नसते. पण तू पुढे लिहिलंस, सगळ्यांचा संशय भट्टीवाल्या मिस्त्रींवर आहे, जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ कुणी बसत नाही. तूसुद्धा नाही. हाताला धरून तुला काम शिकवलं त्या माणसाने.

सोबत त्या पानाची प्रत आणि माझ्या सहीचं निवेदन आहे. धाकट्याने घरच्या माणसाला लिहिलं, ते बाजारात मी नेलं, असं त्यात स्पष्ट आहे. तरीही बोट तुझ्याकडे वळेल, हे मला कळतं. मिस्त्रींना ते द्यायचं की फाडायचं, तू ठरव. पण उद्या डबा घेऊन त्यांच्या शेजारी बस.

मला उत्तराची घाई नाही. लिहिलंसच तर मुलांची उंची आणि हवापाणी एवढंच लिही. त्याहून जास्त माहिती माझ्या हाती देऊ नये.

ज्याला तू विश्वासाने लिहिलं होतंस,
तो तुझा दादा