नववा मजला प्रदूषण करतो, अशी नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. उत्सर्जन नोंद अधिकारी,
मोठ्या इमारतींचा हरितगृह वायू मापन विभाग,
नगर कार्यालय.

विषय : आमचा मजला रिकामा नसून त्यातून रीतसर प्रदूषण होते, अशी नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाने काढलेला इमारतीचा उष्णता-फोटो, आणि आपल्याच विभागाने 'अज्ञात इसम' यांना बजावलेली नोटीस.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदार चष्म्याच्या दुकानात काचा घासतो व बाजारामागच्या उंच इमारतीत नवव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर वृद्ध आईसह राहतो. या मजल्यावर पाण्याच्या टाक्या आणि हे एकच घर आहे.

१. मोठ्या इमारती हवेत किती कार्बन सोडतात हे मोजले जावे, याबद्दल अर्जदाराचे दुमत नाही. तपासणीची सूचना जिन्यात लागली तेव्हा सर्वांत जास्त आनंद अर्जदाराच्या आईलाच झाला. साहेब घरी येणार, तर घर कोंदट नको, अशी तिची शिस्त. तिने पहाटेच घराला ऊब देणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांची चावी बंद केली, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, ठेवणीतले कप धुतले आणि अंगाभोवती दोन शाली गुंडाळून दाराशी बसून राहिली.

२. आपले निरीक्षक आलेच नाहीत. त्यांनी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढला व ते परस्पर गेले. याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात; कार्यालयात दुसरा शब्द असल्यास तो वाचावा. फोटोत आठ मजले केशरी आले आणि नववा गर्द निळा. सबब तो 'निर्वास', म्हणजे रिकामा, ठरला. दुसऱ्यांच्या नजरेतला दोष काढणे हाच अर्जदाराचा धंदा असल्यामुळे कॅमेऱ्याला नावे ठेवण्याची त्याची इच्छा नाही.

३. एक मजला रिकामा निघाल्याने इमारतीला सर्वोच्च हरित दर्जा मिळाला. प्रवेशद्वारावर पाटी लागली. रिकाम्या मजल्याला ऊब पुरवल्यास दर्जा जातो, असा नियम असल्याने इमारतीच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी तळघरातून आमच्या मजल्याचा गरम पाण्याचा पुरवठा बंद करवला. वर येऊन ते आईला म्हणाले, "मावशी, तुमच्यामुळे इमारतीचं नाव झालं हो!" आई भोळी. तिने त्यांना चहा पाजला. अध्यक्षांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला होता, कारण घरात तेवढीच एक वस्तू गरम होती.

४. अर्जदार तळघरात गेला असता बॉयलरवाला म्हणाला, "दादा, मला कळतंय सगळं. पण वरच्या कागदाशिवाय हात लावला तर उद्या मी घरी." अध्यक्ष म्हणाले, कार्यालयात जा. कार्यालय म्हणाले, अध्यक्षांचे पत्र आणा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

५. शेवटी अर्जदाराने विजेचा हीटर आणला. त्यावर आपली नोटीस आली : रिकाम्या मजल्यावर अज्ञात इसम विनापरवाना उत्सर्जन करीत आहे. नोटीस हातात पडताच अर्जदाराला गहिवरून आले. निदान कोणीतरी आहे, एवढे तरी सरकारने मानले होते. तो धावतच आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर गेला आणि म्हणाला, "तो अज्ञात इसम मीच." खिडकीवरच्या बाईंनी चष्मा वर करून त्याला नीट पाहिले व सांगितले, "अज्ञात इसमाने स्वतः हजर राहायची सोय नाही." दरम्यान अध्यक्षांनी वीजही तोडली.

६. निदान दोन माणसांचा श्वास तरी उत्सर्जनात धरावा, त्यातही कार्बनच असतो, अशी विनंती अर्जदाराने तोंडी केली. श्वास हिशेबात धरत नाहीत, असे उत्तर मिळाले. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मी काय फुकटच सोडतेय का?" आणि हसता हसता तिला जी खोकल्याची उबळ लागली, ती बराच वेळ थांबली नाही.

७. महोदय, डॉक्टरांनी बजावले आहे की हा गारठा तिच्या छातीला झेपणार नाही. पुढची तपासणी पुढच्या हिवाळ्यात आहे. तिला तोवर थांबता येईल असे अर्जदाराला वाटत नाही. त्याला फार भीती वाटते, आणि ही गोष्ट सरकारी भाषेत कशी लिहितात हे त्याला ठाऊक नाही.

सबब विनंती की, नवव्या मजल्यावर दोन माणसे राहतात, ती स्वयंपाक करतात, अंघोळ करतात व हवा यथाशक्ती बिघडवतात, अशी नोंद करून ऊब सुरू करण्याचा आदेश व्हावा. दर्जा गेल्यास त्याचा दोष अर्जदार जाहीरपणे पत्करील.

हे शक्य नसल्यास दुसरी विनंती. अर्जदाराची थोरली बहीण आईला न्यायला दोनदा येऊन गेली. तिचे घर लहान आहे, पण उबदार आहे. आई हलत नाही. "तुझे बाबा इथूनच गेले. मीही इथूनच जाणार," एवढेच म्हणते. ती मुलाचे ऐकत नाही, मुलीचे ऐकत नाही, डॉक्टरांचे तर नाहीच. मात्र सरकारी शिक्क्यापुढे तिने जन्मात कधी ब्र काढलेला नाही. तरी ती या घरात राहत नाही, असा दाखला तिच्या नावे, ठळक शिक्क्यासह, तातडीने द्यावा. तो तिला वाचून दाखवण्याचे काम अर्जदार स्वतः करील, कसे ते त्याचे तो बघेल.

आपल्या फोटोत नसलेला,
तरीही आपलाच नम्र,
अर्जदार (सही)

दिनांक : आपण अर्ज घ्याल ती.

सोबत :
(१) उष्णता-फोटोची प्रत.
(२) डॉक्टरांची चिठ्ठी.
(३) 'मी इथेच राहते' असे आईने स्वतः लिहिलेला कागद. हातमोजे घालून लिहिल्यामुळे अक्षर लागत नाही, त्याबद्दल क्षमस्व.