कापसाची गादी, भेटी शून्य

३ सप्टेंबर, सोमवार
दुकानाची साइट सुरू होऊन आज सव्वीस दिवस. भेटी शून्य.
साइटसोबत आलेला, मालकाला न मोजणारा आकडा सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला बघतो. तिन्ही वेळा वहीत नोंद. तिन्ही वेळा तोच गोल आकडा.
अब्बा दुकानात पिंजायच्या मशीनजवळ बसून होते. मशीन बंद. उंदीर कुरतडतात म्हणून पट्टासुद्धा काढून ठेवलाय. आमच्या पांढरकवड्यात लेकीच्या लग्नाची गादी घरच्या कापसाची असते. जिनवरून सरकी काढून लोक रुई आणतात, आम्ही पिंजून भरतो. दसऱ्याच्या आधीच नोंदी सुरू व्हायच्या. बोंडअळीचं हे दुसरं वर्ष. रुईच नाही, तर आणणार काय. फोमची गादी गुंडाळून मोटरसायकलवर नेतात.
अब्बा : “आया क्या कोई तेरे मोबाइल में से?”
मी : “टाइम लगता, अब्बा.”
“टाइमच तो है अपने पास.”

५ सप्टेंबर, बुधवार
शेठ येऊन गेले. बसस्टँडजवळचं फोमच्या गाद्यांचं दुकान त्यांचंच. आमचं दुकान गोदाम म्हणून हवंय. मशीन भंगारवाल्याला विकून देतील.
मग माझ्याकडे बघून, “अन् सलीमले मी ठेवून घेतो. अक्षर चांगलं हाये त्याचं. बिलं करन.”
उत्तर दिवाळीपर्यंत द्यायचं. अब्बांनी चहा पाजला. नाही म्हणाले नाहीत.
संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात. नाही म्हणाले नाहीत.

८ सप्टेंबर, शनिवार
सुधाकरच्या नेट कॅफेत दोन तास. साइट त्यानेच शिकवली. म्हणाला, साइट बनवली म्हणजे लोक येत नसतात, शोधणाऱ्याला ती वर दिसावी लागते. त्यासाठी फुकटची साधनं असतात. नावं लिहून घेतली. घरी येऊन एकेक तपासलं. दोन साधनं सात दिवसच फुकट, पुढे कार्ड मागतात. त्यांच्यावर काट मारली. उरली तीन. एक साइटला गुण देतं. दुसरं आलेले लोक कुठून, कुठल्या फोनवरून आले तेही मोजतं. तिसरं शोधयंत्राचं स्वतःचं, त्यांना आपलं पान कसं दिसतं ते सांगणारं. तिसऱ्यासाठी साइटच्या आत एक ओळ घालून मालकी सिद्ध करावी लागते. एखादं अक्षर चुकलं आणि सगळंच बंद पडलं तर? ते शेवटी.

१२ सप्टेंबर, बुधवार
गुण ५८. लाल रंगात. फोटो जड आहेत म्हणे. गादीचं टोक धरून उभ्या असलेल्या अम्मीचा फोटो सगळ्यात जड. तिला सांगितलं नाही.

१६ सप्टेंबर, रविवार
फोटो हलके केले, प्रत्येकाखाली वर्णन लिहिलं, मथळे नीट केले. ९४! हिरवा रंग. बारावीत नापास झालो, त्याआधी किंवा नंतर कुठेच इतके गुण नाहीत. अम्मीला दाखवलं.
“सौ में से? किसने दिए?”
“मशीन ने.”
“नंबर मशीन ने दिए, तो गिराक कौन देगा?”
लोक मोजणारं साधनही आजच बसवलं.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
काल भेटी ४१ दिसल्या. आनंदात अब्बांना सांगून टाकलं. ते मशीनचा पट्टा चढवायला उठले.
आज नीट बघितलं. ४१ पैकी ३९ पांढरकवड्यातल्या, एकाच फोनवरून. माझ्या. दोन सुधाकरच्या.
पट्टा चढवलेला आहे. काढा म्हणायचं धाडस झालं नाही.

२६ सप्टेंबर, बुधवार
तिसरं साधन. ती ओळ चार वेळा ताडून मग घातली. मालकी सिद्ध झाली. मग उत्तर आलं : हे पान शोधातून वगळलेलं आहे, मालकाच्या सूचनेवरून.
मालक म्हणजे मी.
पहिल्या दिवशी एक चौकट होती, शोधयंत्रांना साइट दाखवू नका. मजकूर तपासून व्हायचा होता. अर्धवट काम कुणाला दिसू नये म्हणून मीच खूण केली. आठवडाभर मजकूर तपासला. खूण काढायची राहिली. एकोणपन्नास दिवस.
सुधाकर हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी. “दुकान मांडलं, झाडलं-पुसलं, न् शटर आतून लावून बसला बे तू!”
खूण काढली. घरी सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
‘कापसाची गादी’ शोधलं की आपण चौथ्या पानावर. चौथ्या पानापर्यंत कोण जातं. मी जातो.

११ ऑक्टोबर, गुरुवार
तिसऱ्या साधनात आता एक तक्ता दिसतो. लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपलं पान समोर आलं, त्याचा. मला वाटलं होतं ‘नवीन गादी’, ‘लग्नाची गादी’. तसं एकही नाही. जे आहे ते इथे उतरवतो :
जुनी गादी पिंजून मिळेल
गादी पिंजणारा घरी येणारा
रुई धुनने वाला घर पे (धुनना म्हणजे पिंजणं)
बहुतेक नागपूर. थोडं हैदराबाद, पुणे. तीनदा वाचलं. नवी गादी कुणालाच नको. जुनी पिंजून हवी, आणि ती घरी येऊन.
घरोघर जायचे ते माझे दादा, अब्बांचे अब्बा. खांद्यावर पिंजण, कापूस पिंजायचं धनुष्यासारखं लाकडी अवजार. गल्लीच्या तोंडाशी तिच्या ताणलेल्या दोरीवर, तातेवर, लाकडी मुठिया मारायचे, तो आवाज ऐकून बाया गाद्या घेऊन बाहेर यायच्या. मशीन आली त्या दिवशी अब्बांनी ती पिंजण दुकानातल्या खुंटीला लावली. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार
अब्बांना तक्ता वाचून दाखवला. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं.
“मतलब फिर फेरी?”
मी फोन खाली ठेवला.
“मेरे बाप को पानी बाहर पिलाते थे, ओटे पे. लोटा अलग. दिन भर उन्ही की गादी धुनता, उस पे बैठने का नई. मशीन लिया तब से लोग चप्पल उतार के अपनी दुकान में आते.” आणि मग, “तेरे मोबाइल को ये भी पूछ.”
यासाठी कुठलं साधन नाही.

१८ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
दरवर्षीप्रमाणे मशीनला झेंडूचा हार. गादीची नोंद एकही नाही. अब्बांनी बटण दाबून मशीन रिकामीच मिनिटभर चालवली. मग बंद केली.

२४ ऑक्टोबर, बुधवार
साइटवर नवं पान लिहिलंय. ‘घरी येऊन जुनी गादी पिंजून देऊ.’ अकरा ओळी. सहा वेळा तपासल्या. चूक नाही. ‘प्रकाशित करा’ दाबत नाही. दाबलं तर अब्बांना फसवलं. नाही दाबलं तर शेठची बिलं.
दिवसभर ते पान उघडायचं, मिटायचं.

२८ ऑक्टोबर, रविवार
शेठ टेप घेऊन आले. दुकानाची मापं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, अब्बांनी धरलं. भिंतीपासून मशीनपर्यंत. मशीनपासून दारापर्यंत. शेठ आकडा म्हणायचे, अब्बा पुढे सरकायचे.
“येत्या रविवारी दहा वाजता गाडी पाठवतो, चाचा. दिवाळीच्या आधी माल लावतो.”
“ठीक है.”
मी आत जाऊन ‘प्रकाशित करा’ दाबलं.

१ नोव्हेंबर, गुरुवार
दु. ३.१०. फोन. नागपूरची बाई.
“दादा, तुम्ही घरी येता ना? साइटवर लिहिलंय.”
हो म्हणालो.
आईची गादी आहे. आई गेली. आतली रुई त्यांच्या स्वतःच्या शेतातली, वणीकडची, आईने निवडलेली. दुकानात दिली की रुई बदलतात म्हणून कुणाकडे दिली नाही. “माझ्यासमोर पिंजाल? हाताने? गच्चीवर जागा आहे.”
हो म्हणालो.
“रविवारी दुपारपर्यंत या. आमच्याच बिल्डिंगमध्ये अजून दोघींच्या आहेत.”
हो म्हणालो. तिन्ही वेळा हो.
पिंजण मला चालवता येत नाही. हातात धरलेलीसुद्धा नाही. अब्बांनीच कधी धरू दिली नाही. आणि रविवारी गाडी.

२ नोव्हेंबर, शुक्रवार
नमाजहून आल्यावर सांगितलं. चौकटीचं, न विचारता छापलेल्या पानाचं, फोनचं, सगळं. अब्बा चिडतील वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी विचारलं : “कितवे माले पे?”
“तीसरे.”
“पानी का पूछा?”
“नई पूछा, अब्बा.”
“शेठ को जबान दिया मैंने.”
मग पडून राहिले, भिंतीकडे तोंड करून. झोपले नव्हते.
अम्मी मला हळूच : “फोन लगा के ना बोल दे उसको.” नंबर दोनदा काढला. लावला नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी शटर उचललं तर खुंटी रिकामी. भंगारवाला एक दिवस आधीच येऊन गेला की काय?
अब्बा मागच्या अंगणात. पिंजण मांडीवर. ओल्या फडक्याने लाकूड पुसत होते. तात सुकून कडक झालेली. बोटांनी तेल लावत होते, टोकापासून टोकापर्यंत. मी दारातच उभा.
मुठिया उचलून एकदाच मारली. किती मोठा आवाज.
समोरची म्हातारी बायजाबाई काठी टेकत ओट्यावर आली. तिला नीट दिसत नाही. गल्लीकडे तोंड करून म्हणाली, “पिंजारी आला काय गा? थांब, माही उशी आनतो.”
अब्बांनी तात हाताने दाबून धरली. आवाज थांबला. पुन्हा मारली नाही. पण म्हातारी उशी घेऊन आली तेव्हा ती ठेवून घेतली.
संध्याकाळी शेठचा निरोप, गाडी दहालाच येईल, दुकान उघडं ठेवा. नागपूरची बस सकाळी सहाची.
जेवणं झाली. अम्मीने भांडी आवरताना विचारलं, “सुबह का डब्बा कितने लोगों का भरूं?”
मी अब्बांकडे बघितलं. पिंजण खुंटीवर नव्हती, घराच्या दारामागे, निघताना हाताशी येईल अशी उभी होती.
“सुबह बताता,” म्हणाले.