हो, मी केळ्याला घाबरतो

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिच्याशी लग्न करायचं म्हणतोय, तिच्या घरी रविवारी जेवायला बोलावलंय. तिचे वडील दवाखान्यात कंपाउंडर आहेत, मला पारखून घेणार म्हणे. घेऊ देत! चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, कॉलेज अर्धवट सोडलंय, हे त्यांना माहीत आहे. उरलं केळं. तेही मीच सांगणार. केळं दिसलं की मी खोली सोडतो, सालीचा वास आला की रस्ता बदलतो. असतं एकेकाचं.

हॉस्टेलात पोरांनी उशीखाली साली ठेवल्या, रेक्टर हसले आणि मी बादली भिरकावून कॉलेजबाहेर पडलो. तेव्हा लपवत होतो, म्हणून त्यांना मजा आली. आता लपवणार नाही.

ती समोरच्या दुकानात पडदे शिवते. तिने मशीनवरून मान वर केली की माझी काच जास्तच घासली जाते. मालक ओरडतात. ओरडेनात का!

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शहाणाच आहेस! एवढा थोरला घोडा केळ्याला घाबरतो हे ऐकून कोण मुलगी देईल? लहानपणी मी केळं खाल्लं की तू कपाटावर चढून बसायचास. मी साबणाने हात धुऊन तुझ्या नाकापुढे धरले, की मग साहेब खाली उतरायचे. ते घरात ठीक होतं रे.

मी तिच्या आईला फोन करून सांगितलंय, की केळ्याने तुझ्या अंगावर पित्त उठतं. आपली आईही सगळ्यांना हेच सांगायची. तू फक्त तोंड मिटून बस. मुलगी हातची घालवू नकोस. भावोजी म्हणतात, जाताना डोकं घरी ठेवून जा.

जिवाला जप, आणि काय झालं ते लगेच कळव.

तुझी,
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पित्ताने घात केला! जेवण झाल्यावर कंपाउंडरसाहेबांनी माझ्यापुढे बशी ठेवली. बशीत केळ्याचे काप, शेजारी पित्ताची गोळी. म्हणाले, एक काप खाऊन बघ, मी बसलोय, सवयीने पित्त जातं. बिचारे प्रेमानेच म्हणाले. मी खुर्ची पाडून दारापर्यंत कसा पोहोचलो, मलाच कळलं नाही.

तिथूनच, घामाने निथळत, सांगून टाकलं की पित्तबित्त काही नाही, मी केळ्याला घाबरतो. तिचा काका खो खो हसला. साहेबांनी विचारलं, असला माणूस माझ्या मुलीचं रक्षण कशापासून करणार? मी म्हटलं, केळं सोडून बाकी सगळ्यापासून. हेही म्हटलं, की माझी ताई साबणाने हात धुऊन नाकापुढे धरायची, मला तेवढं पुरतं. मी इथे बरा व्हायला आलेलो नाही. आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो.

नंतर तिचं मशीन बंदच होतं. मी काचा फोडत होतो. आज भर दुपारी ती आमच्या दुकानात आली. मालक होते, गिऱ्हाईक होतं. तिने दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरले. मनगटापर्यंत ओले. साबणाचा वास!

मग चिडून म्हणाली, की बाबा अजून नाहीच म्हणताहेत, त्यांचं ती बघून घेईल. पण आमच्या घरातून पुन्हा खोटं आलं तर तीच नाही म्हणेल.

तेव्हा ताई, तिच्या आईला फोन कर आणि खरं सांग. लग्न तर होणारच. पंगतीत केळं नसेल, आणि का नाही असं कोणी विचारलं तर माझं नाव घेऊन सांगायचं.

रागाव हवं तर, पण ये. दारातच साबण ठेवलेला असेल.

तुझाच,
धाकटा