तळाचा टमाटा

रविवार, संध्याकाळ

जमलं! खरंच जमलं.

मोसमाआधीचा सराव सामना संपला आणि राखीव खेळाडूंपैकी कुणाला ठेवायचं हे ठरवायला मुख्य प्रशिक्षकांनी सहायक प्रशिक्षक म्हणून मला सोबत बसवून घेतलं. मेघाच्या नावावर सर थांबले. "एकही बास्केट नाही. सोडू या हिला."

मला ते पटलं नाही, पण मनात शंका आली. ती आमच्याच गावाकडची, म्हणून तर मला बरी वाटत नाही ना? मग माझे वडील, अण्णा आठवले. शेतात टमाट्यांचे क्रेट भरताना मला शेजारी बसवून सांगायचे, "वरचा थर सगळेच चांगला लावतात, पोरी. तळाचा टमाटा बघ."

"सर, मेघा कोर्टवर असताना समोरच्या संघाच्या कॅप्टनला तरी कुठे बास्केट मिळाली?"

सरांनी सामन्याचा व्हिडिओ लावला. मग पुन्हा लावला. "अगं, हिने तर तिला चेंडूच धरू दिला नाही! एवढं दिसत होतं, तर इतका वेळ गप्प का होतीस?"

मेघा संघात राहिली!

लगेच घरी फोन केला. अण्णांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तळाचा टमाटा बघितला ना?"

"बघितला, अण्णा. एकदम टणक निघाला."