मुद्दाम हरणारा मुलगा

प्रिय किनुयो,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिला गेला. सिस्टर क्लोटिल्डनी पत्राची सुरुवात आपल्या डोक्यात अशी ठोकून बसवली आहे की शत्रूला लिहितानाही हात आधी तिकडेच वळतो. खोडणार होते, पण कागद चांगला आहे आणि तुझ्यासाठी दुसरा वाया घालवायची इच्छा नाही.

इतक्या वर्षांत तू मला पत्र लिहिलं नाहीस. नवीन वर्षाचं कार्ड मात्र न चुकता यायचं, त्यावर तूच काढलेला त्या वर्षाचा प्राणी. यंदाचा ससा गालातल्या गालात हसत होता. मी तो फ्रिजवर लावला आणि शेजारणीला सांगितलं, ही चित्रकार माझी शाळेतली मैत्रीण. आता कळतंय, ससा मलाच हसत होता. तुझ्याकडे माझी एक वस्तू आहे, किनुयो. ती मला परत हवी आहे. कोणती ते तुला ठाऊक आहे, तरी सगळं सांगून मगच मागेन, म्हणजे समजलं नाही म्हणायची सोय राहणार नाही.

माझी नात रिहो पंधरा वर्षांची आहे. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत माझ्याकडे बसते आणि चटईवर लोळत टॅबवर काहीबाही बघते. एप्रिलमध्ये एकदा मी पर्सिमनची फळं नसताना त्यांची आठवण काढत मुळा सोलत होते, तेवढ्यात ती ओरडली, “आजी, ये ना इकडे! हिचं तोंड बघ, कसं चालतंय! अगदी तुझ्यासारखं.” मी म्हटलं, “माझ्यासारखं बोलायला अक्कल लागते, शहाणे,” आणि सुरी हातात घेऊनच बघायला गेले. पडद्यावर आपली फेरीबोट होती, चित्रांत काढलेली. एका मुलीने शाळेची टोपी काढून बॅगेत सारली आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, “सोता, तुझ्या कानामागे खवला चिकटलाय.” त्याने कान चाचपला. “तिथे नाही, डावीकडे.” त्याने डावा चाचपला. “हं, आता दुसऱ्या डावीकडे.” रिहो हसून हसून आडवी झाली. म्हणाली, “यांची केमिस्ट्री काय भारी आहे ना!” मी म्हटलं, आमच्या वेळी केमिस्ट्री सिस्टर आग्नेस शिकवायच्या आणि तिला सडक्या अंड्यांचा वास यायचा. एवढं बोलून परत मुळ्याकडे गेले. सोलत राहिले. शेवटी हातात मुळा म्हणावा असं काही उरलंच नाही.

मग मालिकेचं नाव वाचलं, ‘सात मिनिटांची हार’. त्याखाली तुझं नाव.

टोपी काढली की मी नन्सच्या शाळेची नाही, मग मुलांशी बोलायची बंदी मला लागू नाही, हा कायदा माझा होता. दुसऱ्या डावीकडचा कानही माझा. सात मिनिटं माझी होती आणि त्यात रोज हरणारा मुलगाही. तू तर त्या बोटीत बसायचीसही नाहीस. तुमचं कागद-पेन्सिलींचं दुकान पलीकडच्या धक्क्यावर, तू पायऱ्यांच्या दुसऱ्या वळणावर माझी वाट बघत उभी असायचीस. बोटीत काय झालं ते मी वहीत लिहायचे. एक दिवस वही तुझ्याकडे, एक दिवस माझ्याकडे. दोन वर्षांत सात वह्या झाल्या. पहिल्याच पानावर दोघींनी मेरीमाउलीच्या पदकावर हात ठेवून लिहिलं होतं की यातलं अक्षर तिसऱ्याला कळणार नाही. तू शिकायला टोक्योला निघालीस तेव्हा म्हणालीस, “वह्या मला देशील, फुसाए? तिकडे फार एकटं वाटेल गं.” मी सातही वह्या फडक्यात बांधून दिल्या. गाठही मीच मारली.

बरं, चोरलंस तर चोरलंस. चौतीस वर्षं मी पोस्टात काढली, लोक काय काय चोरतात ते मला नवं नाही. मी कदाचित गप्प बसले असते. थोडी फुशारलेही असते, खोटं कशाला बोलू. पण रिहोने मासिकातली तुझी मुलाखत वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, किनुयो-सेन्सेई, मालिकेतली ही हिनाको इतकी जिवंत कशी? तू उत्तर दिलंस, “अशी मुलगी मला आयुष्यात कधी भेटलीच नाही. म्हणून तर काढावी लागली.” रिहोने ते दोनदा वाचलं, कारण तिला ते आवडलं. दोन्ही वेळा मी तिच्यासमोर बसलेली होते. अडुसष्ट वर्षांची, जिवंत, आणि कधीच न भेटलेली.

तरीही बघत राहिले. दर शुक्रवारी. उराकावाला बघायला मिळत होतं ना. तू त्याचं नाव सोता ठेवलंस म्हणून मी ओळखणार नाही का? मासेमारीच्या शाळेचा तो आखूड झालेला गणवेश, दोरखंडाने सोललेली बोटं. बोट सुटली की दगड-कागद-कात्री. हरेल त्याने दुसऱ्याची बॅग पायऱ्यांवरून वर न्यायची, नन्सना दिसणार नाही अशा दुसऱ्या वळणापर्यंत. शाळेपर्यंत एकशे त्रेसष्ट पायऱ्या, हे वळण अर्ध्यावर. आणि हा रोज हरायचा! मी दगड, हा कात्री. रोज. मी म्हणायचे, “उराकावा, तुला दोनच बोटं दिलीत का रे देवाने?” तो म्हणायचा, “उद्या बघ. उद्या तुझी खैर नाही.” उद्या परत कात्री. त्याची शाळा धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे माझी बॅग पोचवून त्याला रोज उशीर व्हायचा आणि शिक्षा म्हणून होड्यांची बुडं खरवडावी लागायची. त्यावर मी काय म्हणावं? “कात्रीने खरवड, सराव होईल.” वहीत मी लिहिलं होतं की इतका बावळट मुलगा आख्ख्या क्यूशू बेटावर सापडणार नाही. मालिकेत पहिले आठ भाग सगळं असंच आहे, वहीबरहुकूम. त्याबद्दल तुझी पाठ थोपटावी लागेल.

नववा भाग वहीत नव्हता.

नवव्या भागात सोता दुकानात पेन्सिल घ्यायला येतो. गल्ल्यावर हिनाकोची मैत्रीण बसली आहे, ती विचारते, “रोज कसा हरतोस रे? खरंच मूर्ख आहेस का?” तो पेन्सिलीचं टोक बघत म्हणतो, “तिची मूठ बोटीत चढतानाच वळलेली असते. दगडाशिवाय तिला दुसरं काही सुचतच नाही. मी कागद काढला, तर तिची बॅग कोण उचलणार?” मी रिहोला म्हटलं, थांबव ते. ती म्हणाली, “काय गं आजी, गोड आहे की!” मी मांडीवरच्या माझ्या हाताकडे बघितलं. मूठ वळलेली होती.

हे तू कल्पनेने लिहिलंस असं मी आठवडाभर स्वतःला समजावलं. पण अकरा वर्षांपूर्वी उराकावाच्या अंत्यविधीला मी गेले होते, पलीकडच्या चर्चमध्ये. ओळखीची म्हणून गेले, पोस्टातली बाई सगळ्यांकडे जाते. बाहेर चहा देताना त्याची बायको रडत-हसत सांगत होती, “फार चांगले होते हो, फक्त खेळात दयामाया नाही. पोरांबरोबर दगड-कागद-कात्री खेळतानासुद्धा कधी हरले नाहीत. धाकटी रडायची, तरी नाही.” मला वाटलं, दुःखात माणसांना भलतंच काही आठवतं. परत येताना बोटीत मी त्या बिचारीची कीव करत बसले होते. कीव! मी, तिची!

चिडवण्यात मी पटाईत असं सगळी शाळा म्हणायची. आता कळतं, त्या बोटीत चिडवलं जात होतं ते एकाच माणसाला, आणि ती मी होते. त्याला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं. माझे यजमान फार सज्जन होते. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, तुमच्या कानामागे भाताचं शीत आहे. त्यांनी माफी मागितली आणि जाऊन आंघोळ केली. पुढची एकतीस वर्षं मी कुणाला चिडवलं नाही. चिडवायला हरणारा माणूस चांगला असावा लागतो, हे मला त्या स्नानघराच्या बंद दारासमोर समजलं होतं. पण उराकावा मुद्दाम हरत होता, हे समजायला काल रात्रीचा अकरावा भाग उजाडावा लागला, कारण तोवर मी ते मानायला तयार नव्हते.

अकराव्या भागात मार्च आहे. सोता दुसऱ्या दिवशी ट्यूनाच्या जहाजावर जाणार. तो दुकानात येतो आणि मैत्रिणीच्या हातात पाकीट ठेवतो. “तिला दे. मी दिलं तर ती बोटीतच मोठ्याने वाचून दाखवील सगळ्यांना.” (दाखवलं असतं, किनुयो. नक्की दाखवलं असतं. मला तेवढं तो ओळखून होता.) मैत्रीण ते पाकीट वहीच्या पुठ्ठ्यात सरकवते. त्या वेळचे तिचे डोळे तू फार जीव लावून काढले आहेस. आख्ख्या मालिकेत हिनाकोचेसुद्धा तसे नाहीत. ती सोताच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघते आणि भाग तिथेच संपतो. रिहो म्हणाली, “आजी, हिलाही तो आवडतो बहुतेक.” पंधरा वर्षांच्या पोरीला एका नजरेत कळलं. मी दोन वर्षं तुझ्याशेजारी पायऱ्या चढले.

आता त्या खऱ्या सकाळी काय झालं ते मी सांगते, कारण ते तू मालिकेत घातलेलं नाहीस. तो शेवटचा हरला. बॅग वळणापर्यंत आणली. खाली ठेवली नाही, धरून उभा राहिला. मग मला विचारलं, “वाचलंस?” त्याच आठवड्यात त्यांच्या शाळेचं निरोपाचं मासिक आलं होतं आणि त्यात याने बांगडा माशावर एक भयंकर कविता छापली होती. मला वाटलं, तीच. मी म्हटलं, “वाचलं की! हसून हसून पोट दुखलं. असलं परत कुणाला लिहू नकोस बाबा.”  तो हसला, बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “बरं. तू जिंकलीस.” आणि पायऱ्या उतरून गेला. एकशे त्रेसष्टच्या अर्ध्या.

तू तिथे उभी होतीस. माझ्यापासून एका छत्रीच्या अंतरावर. पाकीट तुझ्या बगलेतल्या वहीत होतं. “थांब, तिने अजून वाचलेलं नाही,” एवढंच वाक्य लागत होतं. तो अजून दिसत होता. मी नुसती हाक मारली असती तरी वळला असता, पण हाक कशासाठी मारायची ते मला माहीत नव्हतं, तुला होतं.

मे महिन्यापर्यंत मी पत्राची वाट पाहिली. आलं नाही. तू सुट्टीला आलीस तेव्हा मी तुमच्या दुकानामागे बसून रडले, आणि तू स्वतःच्या रुमालाने माझे डोळे पुसलेस. म्हणालीस, “मुलगे असेच गं. समुद्र लागला की किनारा विसरतात.” त्या रुमालाचे उपकार मी पन्नास वर्षं मानले आहेत. निळ्या काठाचा होता. पोस्टात लागल्यावर मी अर्धवट पत्त्याची पत्रं घेऊन पावसात गल्ल्या पालथ्या घातल्या, साहेब म्हणायचे जाऊ द्या हो, फुसाए-सान, परत पाठवा. मी जाऊ द्यायचे नाही. कुणाचं तरी कुणाला तरी पोचायचं राहील, ही धास्ती मला का होती, ते आता कळतं आहे.

तर आता माझं मागणं. येत्या शुक्रवारी शेवटचा भाग आहे. मुलाखतीत तू म्हणालीस की शेवट गोड आहे, मैत्रीण धावत धक्क्यावर जाते आणि पाकीट हिनाकोच्या हातात देते. आख्खा देश टाळ्या वाजवील, रिहो रडेल. देऊ दे तिला, पण माझ्यानंतर. आज शनिवार आहे. हे एक्स्प्रेसने टाकते आहे, सोमवारी तुला मिळेल. तू मंगळवारी टाकलंस तर गुरुवारी माझ्या हातात पडतं, हे मी तुला पोस्टातली बाई म्हणून सांगते. फोडलं असशील तरी पाठव. जाळलं असशील, तर त्यात काय होतं ते शब्दन्‌शब्द लिही, चित्रं न काढता. तुलाही तो आवडत होता, तर तेही लिही, मी त्यावर हसणार नाही. पण कधीच न भेटलेल्या त्या मुलीच्या हातात माझं पत्र माझ्याआधी पडता कामा नये. तिला ‘वाचलंस?’ असं विचारणारा शुक्रवारनंतरही असेल. मला विचारणारा गेला, आणि मी त्याला अजून खरं उत्तर दिलेलं नाही.

पाकीट पोचलं की पुन्हा तुझीच,
फुसाए